कोर मोजून घ्या, भो!

संगणक घ्यायचा ठरवलात? मग त्यावर काम काय करायचंय हा क्षुद्र प्रश्न आधी डोक्यातून काढा. कोर मोजा, म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे छोटे मेंदू. जळगावच्या सराफ बाजारात पोत किती तोळ्यांची हे विचारतात, गळ्याला पेलते का हे नाही. 4 कोर असतील तर चारचौघांत बोलू नका. 8 म्हणजे गरीब पण होतकरू. 16 पासून बसायला खुर्ची मिळते.

2005 साली इंटेल आणि एएमडीने घरगुती संगणकात दोन कोर दिले, तेव्हा लोक तेवढ्यावर हरखले. साधी माणसं! 2020 मध्ये एएमडीचा थ्रेडरिपर 3990एक्स हा प्रोसेसर 64 कोर आणि 128 थ्रेड घेऊन आला (एकेक कोर एका वेळी दोन कामं हाताळतो, त्यातला प्रत्येक धागा म्हणजे थ्रेड). आकडा सांगताना थ्रेडचाच सांगा. समोरच्याने ते कोर समजले तर त्याचं नशीब. इंटेलच्या चिपमध्ये 2021 पासून मोठ्या कोरांशेजारी छोटे कोरही असतात. भेद करू नका, पंगतीत पोराटोरांचीही पानं मोजतात.

एखादा शहाणा 1967 सालचा अ‍ॅमडालचा नियम काढेल: निम्मं काम एकामागून एकच होणारं असेल, तर हजार कोर लावा, वेग दुपटीपुढे जात नाही. त्याला यावलकडच्या एखाद्या मळ्यात भरीत पार्टीला न्या. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी वीस जण सोलतात, पण बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचणारा एकच. उरलेले एकोणीस फोटो काढतात आणि मिरची किती घालायची यावर भांडतात. त्यांना कुणी घरी पाठवतं का? उलट भाकरी तेच जास्त खातात. मग रिकाम्या कोरांनीच काय घोडं मारलंय?

वीजबिलाचं मनावर घेऊ नका. त्या थ्रेडरिपरची उष्णता 280 वॅटच्या हिशेबाने काढावी लागते, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या घरात. तेव्हा घरातला कूलर संगणकाकडे वळवा. आजोबा कुरकुरतील. त्यांना सांगा, प्रोसेसर तापला की त्याचा वेग कमी होतो. (आजोबांचा कधीच झालाय, पण त्यांची वॉरंटी संपलेली.)

एवढं जमलं की शेजाऱ्याला बोलवा. एक्सेलमध्ये केळीचे भाव उघडा, बाजूला टास्क मॅनेजर, म्हणजे कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी. 128 चौकोन दिसतील, एखाद-दुसऱ्यात हालचाल असेल. तो विचारेल, “बाकीना काय करी ऱ्हायनात रे भो?”

सांगा, वांगी सोलून बसलेत.