"नर्सला मार्क नकोत, माया हवी" या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, मला वेगवेगळ्या ग्रुपवर चार-पाच वेळा आलाय, आणि पाठवणारे सगळे प्रेमानेच पाठवतायत म्हणून आधी गप्प बसले. हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आणि खाली मजकूर साधारण असा: नर्सिंगच्या ॲडमिशनला मार्क बघणं बंद करा. सुई टोचताना कोणी मार्कलिस्ट विचारत नाही. टॉपर पोरांना पेशंटशी बोलता येत नाही. नर्स जन्मावी लागते, माया शिकवून येत नाही. नर्सेसची टंचाई आहे आणि कॉलेजं पोरांना मार्कांवरून परत पाठवतायत, अट काढा की टंचाई संपली. मार्कांऐवजी मुलाखत घ्या, पाच मिनिटांत कळतं कोण नर्स होणार ते.

मी वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, आता विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन शिकवते. त्यामुळे हे वाचून खरं सांगते, वाईट वाटलं. आमचं कौतुक करता करता आमच्या कामाला डोकं लागत नाही असंच त्यात म्हटलंय. एकेक मुद्दा घेते. सगळे सारखे चुकीचे नाहीत, एका बाबतीत फॉरवर्ड बऱ्यापैकी बरोबर आहे, तेही सांगते.

"सुई टोचताना कोणी मार्कलिस्ट विचारत नाही"

नाही विचारत, बरोबर. पण सुईतून काय जातंय आणि किती जातंय याचा हिशोब कोणीतरी केलेला असतो, आणि तो बरोबर आहे असं पेशंट गृहीत धरून चाललेला असतो.

एक प्रसंग सांगते. हेपॅरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते औषध, पंपावर लावायचं होतं. ऑर्डर होती किलोमागे ताशी 18 युनिट, पेशंट 60 किलोचा, बाटलीत 250 एमएलमध्ये 25,000 युनिट. म्हणजे एका एमएलला 100 युनिट, पेशंटला ताशी 1080 युनिट, पंप ताशी 10.8 एमएलवर. मी दोघी विद्यार्थिनींना वेगवेगळं गणित करायला दिलं होतं, कारण असं औषध दोघांनी स्वतंत्र तपासल्याशिवाय लावायचंच नसतं. एकीच्या कागदावर आलं 108. दशांश चिन्ह एक घर सरकलं, बस. आणि ही मुलगी त्या बॅचमधली सगळ्यात मायाळू होती हो, आजोबांना उशी नीट करून देणारी, जेवले का विचारणारी, सगळे पेशंट तिचं नाव घ्यायचे. दुसरीने कागद बघितला आणि म्हणाली, "मॅडम, असं लावलं तर ही बाटली अडीच तासही नाही पुरणार, ही तर तेवीस तास चालायला पाहिजे." गणित परत न करता नुसत्या अंदाजाने तिला खटकलं. दहापट हेपॅरिन म्हणजे काय होतं ते सांगायला नको, रक्तस्राव थांबवता थांबवता नाकी नऊ येतात.

आता कोणी म्हणेल, ही दुसरी टॉपर असणार. नव्हती. पण गणितात आणि विज्ञानात ती पक्की होती आणि मला तेवढंच म्हणायचंय. आकड्यांची जाण आणि शरीर कसं चालतं याची समज, या दोन गोष्टी कुठेतरी तपासून घ्यायलाच लागतात आणि मार्क हा त्याचा एक, अपुरा का होईना, पण पुरावा आहे.

संशोधनातून बऱ्याच वर्षांपासून जे दिसतं ते साधारण असं आहे की आधीच्या मार्कांवरून, त्यातही विज्ञानाच्या, पोरगं कोर्स पूर्ण करेल का आणि लायसन्सची परीक्षा पास होईल का याचा अंदाज बऱ्यापैकी येतो, पण पुढे वॉर्डात ती नर्स कशी वागेल याचा अंदाज खूपच कमी येतो. दोन्ही अर्धी वाक्यं एकत्र वाचा. फॉरवर्डवाले दुसरं अर्धं वाचतात, कटऑफवाले पहिलं अर्धं.

आणि अजून एक गोष्ट, ही लोकांच्या लक्षात येत नाही. आपण म्हणतो की आमच्या वॉर्डात तर जास्त मार्कवाली आणि कमी मार्कवाली दोघी सारख्याच आहेत, मग मार्कांना अर्थ काय. अहो पण "कमी मार्कवाली" म्हणजेसुद्धा कटऑफ पार करून आलेलीच ना. व्हॉलीबॉलच्या मोठ्या टीममध्ये सगळेच उंच असतात, तिथे दोन इंच इकडेतिकडे असल्याने फरक पडत नाही, म्हणून उंचीचा खेळाशी संबंधच नाही असं कोणी म्हणत नाही. जे आत आलेच नाहीत त्यांची तुलना आपल्यासमोर कधी येतच नाही.

"टॉपर पोरांना पेशंटशी बोलता येत नाही"

याला काही आधार नाही. मी बोलकी पोरं पाहिलीत जी पेशंटचं ऐकतच नाहीत, आणि पुस्तकात डोकं घालून बसणारी पोरगी पाहिलीय जी मरणाच्या दारात असलेल्या बाईचा हात धरून शिफ्ट संपल्यावरही बसून राहिली. दोन्ही प्रकार दोन्हीकडे असतात. पुढे जाते.

"नर्स जन्मावी लागते, माया शिकवून येत नाही"

यावर मला जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात गोड वाक्य हेच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं.

पहिलं म्हणजे चित्रातली ती दिवा घेतलेली बाई. फ्लोरेन्स नाइटिंगेल. तिच्याबद्दल एवढंच लक्षात राहिलंय की ती रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरायची. पण युद्धावरून परत आल्यावर तिने काय केलं, तर आकडे काढले. सैनिक जखमांनी कमी आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले हे तिने आकृत्या काढून सरकारला दाखवलं, आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत, म्हणजे संख्याशास्त्राच्या संस्थेत, निवडून आलेली ती पहिली बाई, साल 1858. आणि नर्स जन्मावी लागते असं तिला वाटत असतं तर 1860 मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिच्या नावाने नर्सिंगची शाळा निघालीच नसती. त्या शाळेत शिकणाऱ्या मुलींचा दर महिन्याला तक्ता भरायचे, वक्तशीरपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, आणि त्याच्या जोडीला प्रत्यक्ष कामातलं कौशल्य. म्हणजे स्वभावसुद्धा महिनोन् महिने कामात बघून जोखायचे, जन्मावर सोडून देत नव्हते. फॉरवर्डवर चित्र तिचं आणि मजकूर तिच्या विरुद्ध.

दुसरं, अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्स कशी घडते याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत, आणि आम्ही सगळे आजही त्या शिकवतो. तज्ज्ञ नर्सला "काहीतरी बिघडतंय" हे आधीच कळतं, लोकांना ते उपजत वाटतं, पण ते शेकडो पेशंट बघून आणि त्यावर विचार करून आलेलं असतं.

आणि माया म्हणजे नेमकं काय हो? मला विचाराल तर श्वास मोजणं. हसू नका, खरंच सांगते. तापमान, नाडी, बीपी, ऑक्सिजन हे सगळं मशीन दाखवतं, श्वास मात्र बहुतेक वॉर्डात अजून स्वतः घड्याळाकडे बघत मोजावा लागतो, पूर्ण एक मिनिट, आणि घाईच्या शिफ्टमध्ये सगळ्यात आधी टाळला जातो तो हाच. चार्ट उघडून बघा, खालपासून वरपर्यंत 18, 18, 18. एकदा ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशी एक काकू, चेहऱ्यावर हसू, "मी बरी आहे गं, तू बाकीच्यांकडे जा" म्हणत होत्या. नाडी थोडीशीच वाढलेली, बीपी ठीक. माझ्या विद्यार्थिनीने छातीकडे बघत मिनिटभर मोजलं, 26 आले. तिला खात्री वाटेना म्हणून परत मोजलं, परत 26. नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर म्हणून पेशंट बिघडतोय का हे गुण देऊन ओळखायची जी पद्धत आहे त्यात श्वास 25 किंवा जास्त असला तर त्या एकाच गोष्टीचे 3 गुण लागतात आणि तेवढ्यावर डॉक्टरला बोलवायचं असतं. तिने बोलवलं. इन्फेक्शन रक्तात पसरायला लागलेलं होतं, वेळेत अँटिबायोटिक सुरू झालं.

आता ती काकूंवर प्रेम करत होती म्हणून मोजलं का? असेलही. पण रक्तात आम्ल वाढलं की शरीर जोरजोरात श्वास घेऊन ते बाहेर टाकायला बघतं, म्हणून श्वास बरेचदा बीपीच्या आधी बिघडतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, आणि ते समजलं होतं म्हणूनच ते 26 तिला टोचले. नुसत्या मायेने ती काकूंशी गप्पा मारून पुढच्या बेडवर गेली असती. काकूंनीच तर सांगितलं होतं जा म्हणून.

समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोलायचं, सांगितलेलं पेशंटकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यायचं, वाईट बातमीनंतर लगेच न बोलता थांबायचं, हे सगळं आम्ही शिकवतो, पोरं आधी अवघडतात आणि वर्षभरात त्यांना जमायला लागतं. माया शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा पहिल्या वर्षाची पोरं आणि तीच पोरं शेवटच्या वर्षात येऊन बघावीत.

"अट काढा, टंचाई संपेल"

टंचाई खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 2023 मध्ये जगात 2 कोटी 98 लाख नर्सेस होत्या आणि तरी 58 लाख कमी पडत होत्या. पण मार्कांची अट हे त्याचं कारण नाही. अमेरिकेचं उदाहरण घ्या, तिथे नर्सिंग कॉलेजांची संघटना दरवर्षी मोजते. 2021 मध्ये तिथल्या पदवी आणि त्यापुढच्या कोर्सेसनी 91,938 अर्ज परत पाठवले आणि हे सगळे पात्र अर्ज होते, म्हणजे मार्कांची अट पूर्ण करणारे! (एकच मुलगी चार ठिकाणी अर्ज करते, म्हणून माणसं त्याहून कमी, तरी पण.) का परत पाठवले, तर शिकवायला माणसं नाहीत, वॉर्डात प्रॅक्टिकलला जागा नाहीत, वर्ग नाहीत, पैसे नाहीत.

मी एका वेळी आठ-दहा विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन जाऊ शकते. पंधरावा आला तर तो औषध देताना मी त्याच्या मागे उभी नसणार, इतकं साधं आहे हे. कटऑफ शून्य केला तरी सीट एकसुद्धा वाढत नाही, फक्त रांग लांब होते. कटऑफ आभाळाला टेकलाय तो सीटा कमी म्हणून. आणि शिकवणारे का नाहीत, तर बऱ्याच ठिकाणी वॉर्डातल्या अनुभवी नर्सला शिकवायला आल्यावर पगार कमी मिळतो. याच्यावर कोणी फॉरवर्ड बनवेल तर मी स्वतः शंभर ग्रुपवर टाकेन.

एक मुलगी अजून डोळ्यासमोर येते. खूप प्रेमळ, घरच्या आजारी माणसाचं सगळं करत आलेली, जागा रिकाम्या राहिल्या म्हणून तिला अट शिथिल करून घेतलं होतं. फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, दोनदा अडकली आणि दुसऱ्या वर्षी सोडून गेली. जाताना म्हणाली, "मॅडम, मला घेतलं तर होतं, मग शिकवायला वेळ कोणाकडे का नव्हता?" तिला आत घेताना सगळ्यांना आपण चांगलं काम केलं असं वाटलं असणार. तिची दोन वर्षं आणि फी गेली. तिला घ्यायलाच नको होतं असं मी म्हणत नाही. घेतल्यावर जादा वर्ग, गणिताची तयारी, कोणीतरी रोज विचारणारं, हे द्यायला हवं होतं, आणि ते माझ्यासकट कोणी दिलं नाही.

"मुलाखत घ्या, पाच मिनिटांत कळतं"

पाच मिनिटांत एवढंच कळतं की समोरचा मुलाखत चांगली देतो. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीवरून पुढचं काम कसं होईल याचा अंदाज फार कच्चा येतो, आणि आपल्यासारखं बोलणारा, आपल्यासारखा दिसणारा माणूस आपल्याला नकळत जास्त आवडतो. मार्कांना क्लास लागतात म्हणता, मुलाखतीलाही लागतातच की.

पण इथे फॉरवर्डमध्ये खरा भाग आहे आणि तो मला मान्य आहे. 94.2 वाल्याला सीट आणि 93.8 वाल्याला घरी, यात काही अर्थ नाही, त्या फरकातून कोण चांगली नर्स होईल हे कोणीही सांगू शकत नाही. कोणी नोकरी करून शिकतं, कोणी घरचं आजारपण काढत शिकतं, त्यांचे चार मार्क तिथे गेलेले असतात. मार्क उंबरठा म्हणून ठीक आहेत, विज्ञान आणि गणितात एवढे तरी हवेत. उंबरठा ओलांडल्यावर मार्क बाजूला ठेवा. नेदरलँड्समध्ये मेडिकलला 1972 पासून कित्येक वर्षं चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यायचे, जास्त मार्कवाल्यांना संधी थोडी जास्त, पण शेवटी चिठ्ठी. मला ते दशांशाच्या शर्यतीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि स्वभाव बघायचाच असेल तर कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातून आलेली पद्धत आहे, छोट्या छोट्या मुलाखतींची मालिका, 2004 मध्ये त्यावर पहिला पेपर आला आणि आता नर्सिंगमध्येही बऱ्याच ठिकाणी वापरतात. आठ-दहा खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग, त्यामुळे एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर काही ठरत नाही. मला संधी मिळाली तर एक खोली मी अशी ठेवेन: आत एक अभिनेता पेशंटचा मुलगा बनून बसलाय, तीन तास झाले वडिलांचं ऑपरेशन पुढे ढकललं जातंय, कोणी काही सांगत नाहीये, तो चिडलाय. अर्जदाराकडे आठ मिनिटं आहेत आणि ऑपरेशन कधी होईल हे तिलाही माहीत नाही. ती बसते का, की उभ्या उभ्या बोलते, माहीत नाही म्हणते का, की खोटं आश्वासन देऊन सुटते, एवढंच मी बघेन.