मनोरंजन करणे (२ गुण)

अत्यंत गंभीर चेहऱ्यानं शिकवायच्या विषयांत मनोरंजनाचा नंबर फार वरचा आहे. 'लेखकाने ही कथा कोणत्या हेतूने लिहिली? योग्य पर्याय निवडा : माहिती देणे, मत पटवणे, मनोरंजन करणे.' हा प्रश्न काढणारा माणूस स्वतः शेवटचा कधी हसला असेल, असा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. मुलांचा हिशेब मात्र सरळ असतो. जे पाठ करावं लागतं ते माहिती देणे, जे मी आवाज चढवून सांगतो ते मत पटवणे, आणि मनोरंजन म्हणजे धड्याशेजारचं चित्र, कारण त्याला मिशा काढता येतात.

अशा वर्गाला मला शिकवायचं असतं, लेखक वाचकाला खिळवून कसा ठेवतो ते. तेही शेवटच्या तासाला. म्हणजे खिळवून ठेवणं हा विषयही तोच आणि माझी अडचणही तीच.

या धंद्यातले आमचे मूळ पुरुष म्हणजे पंचतंत्रवाले विष्णुशर्मा. राजाची तीन मठ्ठ पोरं त्यांनी सहा महिन्यांत शहाणी करून दाखवायचं कबूल केलं आणि केलीही, निव्वळ गोष्टी सांगून. मला त्यातली युक्ती जास्त आवडते. एका गोष्टीतल्या प्राण्यानं तोंड उघडलं की त्यातून दुसरी गोष्ट बाहेर पडते, दुसरीतल्यानं उघडलं की तिसरी. 'गुरुजी, सोडता का?' असं विचारायला राजपुत्रांना फटच सापडत नसणार. शिवाय 'सिंह व बैल यांच्या स्वभावातील फरक तक्त्यात लिहा' असा स्वाध्याय त्यांनी दिल्याचं कुठे वाचनात नाही. दिला असता तर तिन्ही पोरांनी राज्य सोडून थेट वानप्रस्थ धरला असता.

उत्कंठा शिकवताना मी वर्गात रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचा बॉम्ब आणतो. माणसं टेबलाभोवती गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखाली स्फोट झाला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं आणि गप्पा मारणाऱ्यांना कळलं नाही, तर त्याच रटाळ गप्पा तो १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. वर्ग एकदम चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं! तेवढ्यात मागून प्रश्न आला, "सर, बॉम्ब ठेवला कोणी?" मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही. "मग पोलीस काय करतायत?" यावर वर्गात दोन तट पडले आणि उत्कंठा बाजूला राहून तपास सुरू झाला. पुढच्या निबंधात निम्म्या वर्गानं बॉम्ब ठेवला. टेबल बहुतेकांनी शिक्षकांचं निवडलं होतं. एका सहृदय मुलीनं मात्र शिक्षकांना आधी शौचालयात पाठवलं होतं. तिला मी एक गुण जास्त दिला.

रशियन नाटककार चेखवची बंदूक तर फारच महागात पडली. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दिसली तर ती पुढे उडाली पाहिजे, एवढंच मी सांगितलं. म्हणजे गोष्टीत उगाच काही आणू नका. मुलांनी हा नियम इतका मनावर घेतला की वर्णनात आलेली प्रत्येक वस्तू उडू लागली. छत्री उडाली, कंदील उडाला, दारातली मांजर उडाली. एका गोष्टीत आजोबा सुरुवातीला खुर्चीत शांत बसलेले होते. शेवटी त्यांचं काय झालं, ते मी सांगत नाही.

'गोष्ट मधूनच सुरू करा' या सल्ल्याचं फळ म्हणजे 'आणि म्हणून तो मेला.' हे पहिलं वाक्य. हेच शेवटचंही. 'अनपेक्षित शेवट करा' म्हटलं की तर आख्खा वर्ग झोपेतून जागा होतो. राक्षस समोर, तलवार मोडलेली, आणि तेवढ्यात आईनं हाक मारली. हा शेवट माझ्या पिढीनंही केला, आमच्या मास्तरांच्या पिढीनंही केला असणार. त्यातलं अनपेक्षितपण केव्हाच संपलंय, फक्त आई हाक मारायची थांबत नाही.

सगळ्यात हाल विनोदाचे. विनोदी उतारा मी रंगवून वाचला, दोघं-तिघं खुदकन हसलेही. तिथेच थांबायला हवं होतं, पण अभ्यासक्रम थांबू देत नाही. 'आपण का हसलो बरं?' असं विचारायचं असतं. हसलेले ताबडतोब गंभीर झाले. त्यांना वाटलं, चौकशी सुरू झाली. मग मी फळ्यावर 'अपेक्षाभंग' आणि 'अतिशयोक्ती' लिहिलं, आणि समोरच्या बाकावरच्या मुलीनं वहीत 'हसू येण्याची कारणे' असं लिहून त्याखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. चेहऱ्यावर सुरकुती नाही.

इंग्रज कादंबरीकार डिकन्सवर मात्र वर्ग खूश झाला. १८३६ पासून हा माणूस कादंबरी दरमहा हप्त्यानं छापत होता आणि वाचक पुढच्या महिन्यापर्यंत तळमळत बसायचे, हे ऐकल्यावर एकानं विचारलं, "म्हणजे पूर्ण न लिहिताच पैसे मिळायचे?" मी म्हटलं, तसं नाही रे, ताणून धरणं ही कला आहे. त्यानं मान हलवली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सहामाहीचे पेपर रात्री तपासत होतो. त्या पठ्ठ्याची गोष्ट : रिकामी शाळा, बंद प्रयोगशाळा, आतून कुणीतरी हजेरी घेतंय, आणि ती नावं यंदाच्या वर्गातली नाहीत. मुलगा दाराच्या फटीला डोळा लावतो. आत त्याला दिसतं – पान संपलं. खाली कंसात 'पुढील भाग पुरवणीत'. पुरवणी नाही! मी गठ्ठा उपसला, दुसऱ्या तुकडीचा सोडला, भूगोलाचेही पेपर झटकून पाहिले. झोप गेली ती गेलीच.

सकाळी प्रार्थनेच्या रांगेतूनच त्याला बाजूला घेतलं. "पुरवणी कुठाय? आत कोण होतं?"

"सांगतो ना सर," तो अदबीनं म्हणाला, "आधी गुण किती दिलेत?"