बुफे सोडून डायनिंग हॉलमध्ये का बसायचं? एका कोथरूडकर काकांना उत्तर

काका, नमस्कार.

क्रूझवर नाश्ता आणि दुपारचं जेवण कुठे करावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक कोथरूडकर’ या नावाने सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. दिवाळीच्या सुट्टीत आईंना घेऊन सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर जाताय असंही त्यात आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर उरकावंसं वाटलं नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी नाश्ता डायनिंग हॉलमध्ये बसून करा, जहाजावर चढण्याच्या दिवशी दुपारी सगळ्यांबरोबर वरच्या डेकवरच्या बुफेकडे धावू नका, आणि बंदराच्या दिवशी मात्र खुशाल बुफे घ्या, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: पन्नास पदार्थ मांडून ठेवलेले असताना मेनूकार्डावरच्या आठ-दहांवर भागवायचं म्हणजे पैसे वाया, हॉलमध्ये तास मोडतो, अनोळखी परदेशी लोकांच्या टेबलावर बसवतात आणि आईंना इंग्रजी येत नाही, शाकाहारी माणसाला बुफेत निदान समोर बघून घेता येतं. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘हे सगळं साहेबी थाटाचं खूळ आहे.’

हे शेवटचं वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, म्हणून आधी त्याबद्दल.

बसून, कुणीतरी वाढून जेवणं हे साहेबाकडून आलेलं नाही. आपली पंगत तशीच असायची. वाढपी रांगेतून फिरायचे, म्हाताऱ्या माणसाला काय हवं-नको ते विचारायचे, आणि पानावरून उठायची गरज कुणालाच पडायची नाही. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहणं कार्यालयांत नंतर आलं. मी क्रूझवर डायनिंग हॉल सुचवते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काटे-चमचे आणि पांढरे टेबलक्लॉथ नसतात, आपल्या घरातल्या बायका असतात.

समुद्रातल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बुफेत नीट बघा. आपल्याकडचा एखादा ग्रूप असला की आजोबा टेबल धरून बसतात. त्यांची सून त्यांच्यासाठी इडली आणायला जाते. ती येते तोवर मुलाला पॅनकेक हवा असतो. मग नवऱ्याचा चहा, मग सासूबाईंना दही, मग चमचा राहिला म्हणून पुन्हा एक फेरी. ती स्वतःचं ताट घेऊन बसते तेव्हा बाकीच्यांचं आटपलेलं असतं आणि लोक टेबल रिकामं व्हायची वाट बघत आजूबाजूला उभे असतात. घरी रोज जे चालतं तेच इथे चालतं, आणि त्यासाठी तिच्याही नावाचे पूर्ण पैसे भरलेले असतात.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा डायनिंग हॉलमध्ये बसल्या तेव्हा वेटरने आधी त्यांच्याकडे मेनूकार्ड दिलं आणि थांबून विचारलं की तुम्हाला काय आणू. त्यांनी सवयीने माझ्या सासऱ्यांकडे बघितलं. वेटर तरीही त्यांच्याकडेच बघत उभा राहिला. त्यांनी मसाला ऑम्लेट सांगितलं, मग दुसरा चहा मागवला, आणि खिडकीतून समुद्र बघत तो निवांत प्यायल्या. काका, मी हे सगळं लिहिते ते त्या दुसऱ्या चहासाठी. तो मिळायला तास मोडत असेल तर समुद्रातल्या दिवशी तो मोडावा. त्या दिवशी कुठे पोहोचायचंही नसतं.

आता पैशांचं. साधारणपणे मुख्य डायनिंग हॉलचा नाश्ता आणि दुपारचं जेवण तुमच्या भाड्यातच असतं, जसा बुफे असतो. वेगळे पैसे घेतात ते खास रेस्टॉरंटचे. मेनूकार्डावर आठ-दहा पदार्थ असले तरी एकच निवडायचं बंधन नसतं. आधी फळं, मग ऑम्लेट, मग पॅनकेक असं मागवलं तरी वेटर आणून देतो. आणि ‘पन्नास पदार्थ’ या आकड्याचा शाकाहारी माणसाने एकदा हिशेब करून बघावा. त्यातले हॅम, बेकन, सॉसेज, कोल्ड कट्स, स्मोक्ड मासे आणि अंड्याचे पाच प्रकार बाजूला काढा. उरलेल्यांत ब्रेड, क्रोसाँ आणि मफिनचे प्रकारच बरेच असतात. मग आईंसाठी खरोखर उरतं ते फळं, सीरियल, उकडलेले बटाटे आणि भारतीय काउंटर. तो काउंटर ज्या जहाजावर चांगला आहे तिथे मीही नाश्त्याला बुफेत जाईन. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर बहुतेक प्रवासी भारतीयच असतात, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. सिंगापूरहून पेनांग, फुकेतकडे जाणाऱ्या जहाजांवरही भारतीय खूप असल्याने भारतीय शाकाहारी जेवण बऱ्यापैकी मिळतं, पण ते सकाळी कोणत्या मजल्यावर आणि किती वाजेपर्यंत, हे जहाजागणिक बदलतं.

‘बघून घेता येतं’ या मुद्द्यावर मात्र मी ठाम असहमत आहे, कारण जे दिसत नाही तेच अडचणीचं असतं. दह्याच्या किंवा मूसच्या वाटीत जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. टोमॅटो सूप चिकनच्या स्टॉकमध्ये केलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये बहुतेक वेळा अँकोव्ही नावाचे मासे असतात. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. वॉफल आणि पॅनकेकमध्ये सहसा अंडं असतं. फ्रेंच फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकन नगेट्सही तळलेले असू शकतात. यातलं काहीही ताटाकडे बघून कळत नाही. त्यात भर म्हणजे गर्दीच्या वेळी लोक एका भांड्यातला चिमटा उचलून दुसऱ्या भांड्यात घालतात. डायनिंग हॉलमध्ये विचारायला समोर माणूस असतो. रात्रीच्या जेवणाच्या वेळी हेड वेटरला सांगून ठेवलं की उद्या सकाळी एक जण कांदा-लसूण खात नाही किंवा अंडं खात नाही, तर बहुतेक ठिकाणी तशी सोय करतात. त्याहून चांगलं म्हणजे बुकिंगच्या वेळीच टूर कंपनीकडून खाण्याची आवड लेखी नोंदवून घ्यायची. तुमच्या आई जैन जेवण किंवा उपासाचं काही पाळत असतील तर हे आजच करा, कारण जहाज निघाल्यावर किराणा भरायला वाटेत कुठे थांबत नाही.

एक गोष्ट मूळ लेखात फक्त ओझरती आली होती, ती तुमच्या सिंगापूरच्या बेतामुळे नीट सांगते. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. जहाजावर सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे पहिल्या एक-दोन दिवशी आईंच्या पोटाला आठचा नाश्ता नकोसाच वाटणार, आणि साडेबाराचं जेवण म्हणजे शरीराला सकाळचे दहा. आपले बरेच लोक ‘बुफे बंद होईल’ या धाकाने आठला भूक नसताना भरपेट खातात, बाराला पुन्हा खातात, आणि संध्याकाळी पोट बिघडल्याची तक्रार करतात. पहिल्या समुद्रातल्या दिवशी सकाळी केबिनमध्ये चहा-बिस्किटं, नऊच्या पुढे डायनिंग हॉलमध्ये बसून नाश्ता आणि दीड-दोनच्या सुमारास हलकं जेवण, हे वेळापत्रक पुण्याहून गेलेल्या माणसाला मानवतं. दीडनंतर बुफेची गर्दीही ओसरलेली असते, त्यामुळे ते जेवण बुफेत घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, तेव्हा फुकेतच्या दिवशी जहाजावरची घड्याळं बदलणार का, ते रोजच्या पत्रकात किंवा ॲपवर आदल्या रात्री बघून ठेवा. आईंना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर वेळांचा हा फरक निघण्यापूर्वी डॉक्टरांना नक्की विचारा. डायनिंग हॉलच्या नाश्त्याच्या वेळा बुफेपेक्षा कमी असतात. औषधानंतर लवकर खाणं गरजेचं असेल तर बुफे किंवा कॅफेच सोयीचा, आणि तिथे मी हॉलचा आग्रह धरणार नाही.

आईंच्या गुडघ्यांचा तुम्ही उल्लेख केला नाहीत, पण वय लिहिलंत त्यावरून विचार करा. बुफे सहसा सर्वांत वरच्या डेकपैकी एकावर असतो. जहाज डोलतं तेव्हा ते वर जास्त आणि खाली कमी जाणवतं. भरलेली ताटली, गरम चहा आणि ओली फरशी सांभाळत वृद्ध माणसाने टेबल शोधत फिरणं मला धोक्याचं वाटतं. मुख्य डायनिंग हॉल बऱ्याच जहाजांवर खालच्या डेकवर असतो. मळमळ होणाऱ्यांनाही तिथे बरं वाटतं, शक्यतो जहाजाच्या मध्याकडचं टेबल मागा.

संसर्गाबद्दल तुम्ही ‘उगाच घाबरवता’ असं म्हटलंत. घाबरवायचं नाही, पण हे टाळताही येत नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेकडून तपासणी होते. 100 पैकी 85 किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास. मांडून ठेवलेलं गरम अन्न 57 अंश सेल्सिअसच्या खाली आणि थंड अन्न 5 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. तुमचं जहाज त्या यादीत नसेल, पण काय बघायचं ते यातून कळतं. ज्या भांड्यातून वाफ येत नाही, त्यातलं घेऊ नका. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरते ती बहुतेक वेळा नोरोव्हायरसमुळे, आणि हा विषाणू हातावर लावायच्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. साबण आणि पाणी, निदान 20 सेकंद. साथ आली की जहाजवाले पहिल्यांदा बुफेतले चमचे प्रवाशांच्या हातातून काढून घेतात आणि कर्मचारी वाढू लागतात. आजार माणसाकडून माणसाकडेही जातो, म्हणून डायनिंग हॉलमध्ये बसलात तरी हात धुवायचेच. पण शेकडो लोकांनी हाताळलेला तो डाव तिथे तुमच्या वाट्याला येत नाही.

अनोळखी टेबलाचं सोपं आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘फक्त आमच्यासाठी टेबल’ एवढं सांगा. कधी पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. भाषेचं म्हणाल, तर क्रूझच्या कर्मचाऱ्यांत भारतीय भरपूर असतात, गोव्याचे आणि मुंबईचेही. हिंदी बोलणारा वेटर मागायला संकोच करू नका, आणि आईंना स्वतः ऑर्डर देऊ द्या.

आता तुमचा बरोबर असलेला मुद्दा, वेळेचा. बंदराच्या दिवशी बुफेच. फुकेतसारख्या ठिकाणी जहाज अनेकदा खोल पाण्यात नांगरतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपलाही तसंच. त्या बोटींचे नंबर लागतात, आणि तिथे तास मोडून चालत नाही. सात-साडेसातला वर जा, पटकन खा, किंवा आदल्या रात्री केबिनच्या दारावर नाश्त्याचं कार्ड लावून ठेवा. काही जहाजांवर साधा नाश्ता खोलीत फुकट येतो, काहींवर शुल्क असतं, ते कार्डावरच लिहिलेलं असतं. दुपारी बहुतेक लोक बाहेर असल्याने डायनिंग हॉल अनेकदा बंदच असतो.

आणि चढण्याच्या दिवसाबद्दल, कारण मुंबईहून जाणाऱ्या आपल्या वाचकांनी त्यावर बरंच विचारलंय. पुण्याहून सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघालात तर साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरता, तिथून क्रूझ सुटतात तो बॅलार्ड पिअर धक्का जवळच. गाडीच्या डायनिंग कारमध्ये नीट नाश्ता करा. मग रांगा, तपासणी, आणि जहाजावर पाऊल ठेवेपर्यंत दुपार होते. केबिन बऱ्याचदा तयार नसतात, म्हणून सगळे हातातल्या बॅगांसकट बुफेत शिरतात. त्या वेळी गँगवेवरच्या, म्हणजे जहाजात शिरायच्या वाटेवरच्या, कर्मचाऱ्याला विचारा, ‘दुपारच्या जेवणाला खालचा हॉल उघडा आहे का?’ अनेक जहाजांवर तो उघडा असतो, फक्त त्याची जाहिरात होत नाही. बंद असेल तर दीडपर्यंत डेकवर फिरा आणि मग वर जा.

काका, तुम्ही आईंना नेताय याचा मला मनापासून आनंद आहे. एका समुद्रातल्या दिवशी तरी त्यांना हॉलमध्ये न्या. त्यांना बुफेच आवडला तर तसं इथे लिहा, मी तुमची प्रतिक्रिया लेखाच्या वर लावेन. आणि जहाजाचं नाव कळवलंत तर तिथे भारतीय नाश्ता कुठे मिळतो ते तिथे जाऊन आलेल्या वाचकांना विचारते.