वाजवणाऱ्याने पुरावा आणायचा कुठून?

आज पुन्हा फाइल परत आली. शेरा तोच: ‘कलाकार असल्याचा पुरावा अपुरा.’

अहो, ज्या माणसाची उभी हयात गोंधळात संबळ वाजवण्यात गेली, त्याने पुरावा द्यायचा कसला? राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, पन्नाशीनंतर महिन्याला 5,000 रुपये. योजना चांगलीच आहे. पण अर्जासोबत मागतात वर्तमानपत्रातली कात्रणं, कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रं. पत्रिकेवर नाव असतं गायकाचं, निवेदकाचं. उरलेली जागा प्रायोजक आणि नेत्यांचे फोटो खातात. ढोलकीवाला, पेटीवाला, टाळकरी, सगळे ‘आणि सहकारी’ या दोन शब्दांत गाडलेले! गोंधळाला तर पत्रिकाही नसते. यजमान सुपारी देतो, पहाटे बिदागी हातावर ठेवतो, संपलं. पावती कोण फाडतो? रात्रभर जागून पहिल्या लोकलने कळव्याला उतरणाऱ्या माणसाचं कात्रण कोण छापणार?

हे सगळं मी टेबलापलीकडच्या साहेबांना समजावून सांगितलं. त्यावर प्रश्न काय? ‘तुम्ही त्यांचे कोण? एजंट का?’

संताप झाला नुसता! वाजवणाऱ्यांची बाजू सरकारपुढे मांडणं हे काम आहे, दलाली नव्हे. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क शाबूत राहिला, कारण जावेद अख्तर राज्यसभेत त्यांच्यासाठी भांडले. त्यांना कुणी एजंट म्हटलं नाही. संबळवाल्यासाठी राज्यसभेत कोण उभं राहणार? त्याच्यासाठी ठाण्यातल्या कचेरीत कुणी उभं राहिलं, तर त्याला ‘नंतर या, साहेब मीटिंगमध्ये आहेत’.

आणि दिवाळी पहाट आली की हीच मंडळी पहिल्या रांगेत, गळ्यात उपरणं! लोककला जपली पाहिजे म्हणून भाषणं. मग त्याच व्यासपीठावर मागे बसून वाजवणाऱ्याची फाइल त्रुटीत का काढता?

उपाय अवघड नाही. आकाशवाणी कलाकाराचं वादन ऐकून त्याला श्रेणी देते. तुमच्याकडे कलावंतांची निवड करणारी समिती आहेच. बोलवा त्या माणसाला, द्या दहा मिनिटं, वाजवू द्या. समितीत एकाला जरी ताल कळत असेल, तरी दुसरा कागद लागणार नाही. हे मी लेखी दिलंय, शिक्का मारलेली पोहोच माझ्याकडे आहे. उत्तरही लेखीच हवं.