पेनड्राइव्हवर टाकली म्हणून जुनी विंडोज सुरक्षित होत नाही

नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या अभ्यासिकेत लोकांनी दिलेले अकरा जुने लॅपटॉप आहेत. संध्याकाळी नोकरीवरून आलो की त्यांची देखभाल मी बघतो. एमपीएससीची तयारी करणारी, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी, मराठी टायपिंगचा हात बसवणारी पोरं-पोरी ते वापरतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट्स थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर किमान आठव्या पिढीचा लागतो, त्यामुळे आमच्या एकाही लॅपटॉपवर ती बसत नाही. तेव्हापासून एक मेसेज इतक्या ग्रुपांतून आलाय की तो मला पाठ झालाय:

"जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ७ टाका आणि तिथूनच चालवा. हलकी सिस्टीम, पळते सुसाट. हार्ड डिस्कला हात लागत नाही, म्हणून व्हायरस येऊच शकत नाही. पेनड्राइव्ह काढला की मागे काही उरत नाही, बँकेचं कामही बिनधास्त करा. हॅकर नव्या विंडोजच्या मागे असतात, जुनीला कोणी विचारत नाही." आणि खाली डाउनलोडची लिंक.

यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. त्याच्या आधारानं बाकीची चुकीची वाक्यं लोकांच्या गळी उतरतात, म्हणून एकेक घेतो.

"हार्ड डिस्कला हात लागत नाही, म्हणून व्हायरस येऊच शकत नाही." आमच्या एका मुलाच्या हातातला असा पेनड्राइव्ह मी काढून घेतला, तेव्हा त्यानं हेच विचारलं: "दादा, काऊन बंद केला? हार्ड डिस्कले तर हातच नाही लागत ना." प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून नीट उत्तर देतो.

विंडोज कुठे ठेवली आहे आणि ती कुठे चालते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती हार्ड डिस्कवर असो की पेनड्राइव्हवर, चालू झाली की तिचा कोड मेमरीत जातो आणि प्रोसेसरवर चालतो. सुरक्षेची भोकं त्या कोडमध्ये असतात. ठेवण्याची जागा बदलली म्हणून एकही भोक बुजत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, तेव्हा त्याला कोणी फाइल उघडण्याची गरज नव्हती. विंडोजमध्ये नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याची जी सोय आहे, तिच्यातल्या भोकातून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जात होता. बळी पडलेल्यांत बहुतेक मशीन विंडोज ७ चीच होती. त्यावरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नव्हता, ते सापडले.

आता मेसेजमधल्या विंडोज ७ कडे बघा. अशा बहुतेक प्रतींचा मूळ पाया सर्व्हिस पॅक १ असतो, म्हणजे फेब्रुवारी २०११ चा. त्यात २०१७ चा पॅच असणार कसा? तो नंतर लावू म्हटलं तर आणखी एक अडचण आहे. २०१९ पासून विंडोज ७ चे अपडेट्स नव्या प्रकारच्या डिजिटल सहीनं येऊ लागले. ती सही ओळखण्याची सोय आधी हातानं बसवली नाही तर जुनी प्रत ते अपडेट्स घेतच नाही. आणि सर्वसामान्य वापरणाऱ्यांसाठी १४ जानेवारी २०२० नंतर नवे पॅच आलेच नाहीत.

घरच्या राउटरमुळे बाहेरून थेट येणारे बरेच हल्ले अडतात, हे मान्य. पण अभ्यासिकेत अकरा लॅपटॉप आणि चाळीसेक मोबाइल एकाच वायफायवर असतात. त्यातलं एक जरी बिघडलं, तरी राउटरच्या आतल्या बाजूला असं जुनं मशीन सताड उघडं पडलेलं असतं.

या गैरसमजाचं मूळ कुठे आहे, तेही सांगितलं पाहिजे, कारण ते पूर्ण खोटं नाही. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम. तिच्या लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये मूळ सिस्टीम फक्त वाचता येईल अशा बंद गठ्ठ्यात असते. चालू असताना झालेले बदल मेमरीत राहतात आणि मशीन बंद केलं की पुसले जातात. कोणीतरी हा गुण उचलून विंडोजला चिकटवला. पेनड्राइव्हवरची विंडोज मात्र सतत लिहीत असते: रजिस्ट्री, नोंदी, तात्पुरत्या फाइली, सगळं त्याच पेनड्राइव्हवर. व्हायरस आला की तोही तिथेच मुक्काम करतो आणि पुढच्या लॅपटॉपवर तुमच्याच हातानं पोचतो. लॅपटॉपची आतली डिस्कही सुटत नाही. ती जोडलेलीच असते, पेनड्राइव्हवरच्या सिस्टीमला दिसते, आणि कूटबद्ध नसेल तर तिच्यावर लिहिताही येतं.

लाइव्ह लिनक्सही २०१६ ची असेल तर प्रत्येक वेळी ताजी सुरू होते खरी, पण २०१६ ची सगळी भोकं घेऊनच. आणि मशीन चालू असताना कोणी पासवर्ड चोरला, तर नंतर मेमरी पुसली जाऊन काय उपयोग?

"पेनड्राइव्ह काढला की मागे काही उरत नाही." आमच्याकडे फिरणारे तीन पेनड्राइव्ह मी जमा केले आणि एका अद्ययावत मशीनवर तपासले. एकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पाच वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे आधार कार्ड, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाचे स्कॅन पडून होते. ब्राउझरमध्ये दोघांचे पासवर्ड साठवलेले होते. ज्या मुलीनं सकाळी अर्ज भरला, तिचे कागद दुपारी पेनड्राइव्ह लावणाऱ्या कोणालाही दिसत होते. यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पोरांनी मेसेजवर विश्वास ठेवला, एवढंच. मला त्या रात्री झोप लागली नाही. ही पोरं गोंदिया-गडचिरोलीहून येऊन खोली करून राहतात. शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात, त्या खात्याचे कागद असे उघड्यावर पडले होते.

मेसेजनं घातलेला गोंधळ साधा आहे. लॅपटॉपवर फारसं उरत नसेलही, पण पेनड्राइव्हवर सगळं उरतं. आणि पेनड्राइव्ह खिशातून पडतो, झेरॉक्सच्या दुकानात विसरतो, मित्राकडे राहतो.

बँकेच्या कामाचं म्हणाल तर गाडी ब्राउझरवरच अडते. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीची. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीसाठी क्रोम २०१६ मध्येच ४९ वर थांबलं. म्हणजे बँकेचं पान उघडलं तरी ते ज्या खिडकीतून बघताय, तिच्या कड्या-कोयंडे तेव्हापासून कोणी दुरुस्त केलेले नाहीत. साइट खरी आहे का हे ज्यांवरून ओळखलं जातं ती जुन्या विंडोजमध्ये अडकलेली मूळ प्रमाणपत्रंही मुदत संपून बाद होतात, मग चांगल्या साइटवरही 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. मेसेजबरोबर फिरणारा सल्ला असा की 'तरीही पुढे जा' दाबा. तो सर्वांत घातक आहे. खऱ्या फसवणुकीच्या पानावर येणारा इशारा आणि हा इशारा सारखाच दिसतो, आणि एकदा दुर्लक्ष करायची सवय लागली की पोरं दोन्हीकडे तेच बटण दाबतात.

"जुनीला कोणी विचारत नाही." हे खरं असतं तर मायक्रोसॉफ्टनं मे २०१९ मध्ये विंडोज एक्सपीसाठी पॅच का काढला असता? एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता. पाच वर्षांनी ब्लूकीप नावाचं भोक सापडलं आणि ते वॉनाक्रायसारखं पसरेल या भीतीनं कंपनीनं मेलेल्या सिस्टीमलाही औषध दिलं. विंडोज ७ मध्येही तेच भोक होतं. हल्ला करणारा माणूस तुमचा लॅपटॉप निवडत बसत नाही. त्याचे प्रोग्रॅम रात्रंदिवस नेटवरच्या मशीनचे पत्ते चाचपत फिरतात आणि जिथे जुनं कुलूप दिसेल तिथे जुनी किल्ली लावून बघतात. या किल्ल्या कित्येक वर्षांपासून इंटरनेटवर फुकट पडलेल्या आहेत. त्यातच नव्या विंडोजला पॅच आला की त्यावरून मूळ दोष कुठे होता हे ताडता येतं, आणि तोच कोड जुन्या विंडोजमध्येही असेल तर तिथला दोष कायमचा उघडा राहतो.

"हलकी सिस्टीम, पळते सुसाट." जुन्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बहुधा २.० चे. कागदावर त्यांचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, हातात पडतो साधारण ३०-३५ मेगाबाइट. आतली जुनी फिरती हार्ड डिस्कही सलग वाचताना त्याहून जास्त देते. शिवाय विंडोज एकसारख्या बारीक-बारीक नोंदी लिहिते, आणि साध्या पेनड्राइव्हचा जीव तिथेच जातो. माउस गोठतो, पान अर्ध्यावर थांबतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना आमच्या हॉलमध्ये कूलर चालू असूनही तासाभरात पेनड्राइव्ह हाताला चटका देतो. त्याला सततच्या लिखाणासाठी बनवलेलंच नाही.

आता ती लिंक. मेसेजमधला मला सर्वांत जास्त खुपणारा भाग हाच, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. विंडोज ७ यूएसबीवरून चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं कधी दिलीच नव्हती. सुरू होताना ती यूएसबीची जुळणी नव्यानं करते, त्या क्षणी स्वतःचीच डिस्क हरवून बसते आणि निळा पडदा येतो. 'विंडोज टू गो' ही अधिकृत सोय विंडोज ८ च्या एंटरप्राइज आवृत्तीपासून आली, तीही ठरावीक दर्जाच्या ड्राइव्हसाठी, आणि २०२० मध्ये विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. तेव्हा त्या लिंकवरची विंडोज ७ पेनड्राइव्हवरून सुरू होत असेल, तर कोणीतरी तिच्या पोटात हात घालून बदल केलेला आहे. कोणी? आणखी काय बदललं? अशा 'लाइट' प्रतींमध्ये जागा वाचवायला सहसा अपडेटची यंत्रणा आणि डिफेंडर हा विंडोजमधला संरक्षक प्रोग्रॅम आधी कापतात. सोबत ॲक्टिव्हेटर, म्हणजे विनापरवाना विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम असतो आणि तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा अशी सूचना असते. अनोळखी माणसानं घडवलेल्या कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे असणारच नाही, असं कशावरून?

मेसेजच्या बाजूनं एक गोष्ट मनापासून मान्य करतो. जुनी विंडोज चालवण्याची खरी गरज काहींना असते. महाल-इतवारीकडे लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं करणारे डीटीपीवाले आजही पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. पंधरा-वीस वर्षांचे मजकूर त्या फॉन्टमध्ये अडकले आहेत, युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, आणि सॉफ्टवेअरचा डाँगल (परवान्यासाठी मशीनला लावायची किल्ली) नव्या विंडोजवर चालत नाही. त्यांना 'टाकून द्या' म्हणणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणं. पण त्यांच्यासाठीही उत्तर पेनड्राइव्ह नाही. ती एक्सपी तिच्याच मशीनवर, आतल्या डिस्कवर राहू द्या. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, पूर्ण डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा. ग्राहकाचा पेनड्राइव्ह आधी अद्ययावत मशीनवर तपासा आणि मगच तिकडे लावा. ईमेल, व्हॉट्सॲप, बँक यांना त्या मशीनवर जागा नाही.

बाकी आपल्यासारख्यांनी काय करायचं? आमच्या अकरापैकी आठ लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुखाचं होतं, आणि २२ या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी टाकली त्या लॅपटॉपांचं तर रूपच पालटलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, देवनागरी फॉन्ट आहेत, फायरफॉक्स ताजं आहे. दोन लॅपटॉप ३२ बिटचे निघाले. डेबियन या लिनक्सनं १३ व्या आवृत्तीपासून त्या मशीनसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, म्हणून त्यांच्यावर अँटीएक्स हे हलकं लिनक्स चालतं. अकराव्याची आतली डिस्क जोडणारा भागच गेलाय. तो आजही पेनड्राइव्हवरूनच चालतो, पण लाइव्ह लिनक्सवर. दर दोन-तीन महिन्यांनी मी अधिकृत साइटवरून नवी प्रत उतरवतो, तिचा चेकसम (फाइल मूळचीच आहे हे दाखवणारा आकडा) जुळवतो आणि पेनड्राइव्ह पुन्हा लिहितो. त्यावर कोणी काही साठवत नाही. टायपिंगच्या सरावाचं एक सॉफ्टवेअर मात्र लिनक्सवर चाललं नाही. त्यासाठी दोन मुलींना दुसरीकडे जावं लागतं, आणि त्याची मला खंत आहे.

तुमच्याकडे असा विंडोज ७ चा पेनड्राइव्ह आधीच वापरात असेल, तर आज एवढं करा. त्यावरून जिथे-जिथे लॉगिन केलं, तिथले पासवर्ड दुसऱ्या, अद्ययावत फोनवरून किंवा मशीनवरून बदला. ईमेलचा आधी, कारण बाकी सगळे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. बँकेच्या खात्याचे गेल्या काही महिन्यांचे व्यवहार बघा. अनोळखी व्यवहार दिसला तर बँकेला लगेच कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पेनड्राइव्हवरच्या फाइली नुसत्या डिलीट करू नका, पूर्ण फॉरमॅट करा. झटपट फॉरमॅटमध्ये जुना मजकूर खाली तसाच राहतो. ज्या लॅपटॉपला तो लावला होता, त्याच्या आतल्या डिस्कवर वापरात असलेली सिस्टीम असेल तर तिचीही तपासणी करा. आमच्या त्या पाचही विद्यार्थ्यांना मी एकेक करून बसवून हे करून घेतलं. प्रत्येकाला साधारण पाऊण तास लागला.