वकिलाला फोन अगदी शेवटी करा

कंपनीला चौकशीची नोटीस आली? घाबरू नका, आणि वकिलाला तर मुळीच विचारू नका. वकील काय, कधीही मिळतो. आधी मेव्हण्याला विचारा. अशा वेळी मेव्हण्यांचा कायद्याचा अभ्यास फार खोल निघतो.

मग मेल उडवायला बसा. हे अनुभवाचे बोल आहेत. परवा रात्री साडेअकराला एका अशिलाचा फोन आला (नाव विचारू नका, सांगणार नाही). "वकीलसाहेब, काळजी नको, सगळं साफ केलंय!" नोटीस दुपारी चारला हातात पडली आणि सहाच्या आत दोन वर्षांचे मेल, ग्रुपवरच्या गप्पा, खरेदी विभागाच्या फायली, सगळं स्वाहा. वा! कुणी उडवलं, किती वाजता उडवलं, याची नोंद सर्व्हरवर झाली. तेच मेल समोरच्या पार्टीकडे जसेच्या तसे पडून आहेत. आणि ज्या मेलमध्ये दम नव्हता, त्यांत आता भलतंच काहीतरी असणार असं तपास अधिकाऱ्याला वाटतंय. मूळ प्रकरण कदाचित दंड भरून मिटलं असतं हो! आता पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागणार, आणि ते कंपनीला नाही, बटण दाबणाऱ्याला. आर्थर अँडरसन या बड्या अमेरिकन हिशेब तपासणाऱ्या फर्मने घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीचे कागद फाडले आणि २००२ मध्ये ती दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला, कारण ज्युरीला दिलेल्या सूचनाच चुकीच्या होत्या. म्हणजे वकील जिंकले. फर्म मात्र तोवर संपली होती. १९१३ पासूनची फर्म!

अनुपालन अधिकारी, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते की नाही हे बघणारा, जरूर नेमा, फक्त त्याला बैठकीला बोलावू नका.

लाचविरोधी प्रशिक्षणाच्या स्लाइड साहेबांच्या वतीने सेक्रेटरीला क्लिक करू द्या. निदान कंपनीत एक माणूस तरी प्रशिक्षित राहील.

चौकशीला एकटेच जा आणि मन मोकळं करा. "लपवण्यासारखं काही नाही" म्हणत तारखा अंदाजाने ठोकून द्या. पुढे त्या जुळवत बसायला आम्ही आहोतच.

कंपनीचा वकील हा आपलाच वकील समजा. त्याला सगळं सांगा. तो ते कंपनीला सांगेल, आणि कंपनी ठरवेल तुमचा बळी द्यायचा की नाही.

आणि स्वतःच्या वकिलाला? त्याला अर्धंच सांगा. उरलेलं त्याला भर कोर्टात सरकारी वकिलाच्या तोंडून कळू द्या. मजा येते.

नाही, मजा येत नाही. अहो, तुम्ही मला जे घडून गेलंय ते सांगता, ते माझ्यापाशीच राहतं. त्यासाठीच तर मी आहे! पण "आता हे कसं लपवू" असं विचारलंत, तर ते संरक्षणही जातं आणि मीही अडकतो. इतकं शिकलेले लोक तुम्ही, करार वाचताना स्वल्पविरामावर भांडता, आणि नोटीस आल्यावर शेणात पाय घालता? सोमवारी सगळे फोन, लॅपटॉप घेऊन या. आहेत तसे. आणि मेव्हण्यांना घरी ठेवा.