मुलांचा मोबाइल उघडायचा हक्क शाळेला दिला कुणी?

"नव्या डेटा कायद्याने शाळेला मुलांचे मोबाइल आणि इन्स्टाग्राम तपासायचा अधिकार दिला आहे. अठराच्या आतल्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य नसतं. शाळेविरुद्ध पोस्ट टाकली तर ६६अ लागेल, नाव कमी होईल. अमेरिकेत २००० पासून हेच चालतं." सुदामानगर असो की टिळकनगर, इंदूरच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत हा मजकूर 'सर्वांना पाठवा' म्हणत फिरतो आहे.

पहिलं वाक्य सगळ्यात चलाख, कारण त्यात चिमूटभर खरं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नववं कलम मुलांबद्दल आहे. अठराखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, त्यात शिक्षणसंस्थांना थोडी सूट मिळाली: शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती देखरेख त्या करू शकतात. मूल बसमध्ये चढलं का, शाळेच्या अॅपवर गृहपाठ झाला का, इतपत. फोनच्या झडतीचा किंवा पासवर्ड मागण्याचा त्यात उल्लेखही नाही. शिवाय मुख्य बंधनं नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत, आणि ती आहेत माहिती गोळा करणाऱ्यावर. म्हणजे शाळेवरच! निकाल लागला की मुलांची नावं, फोटो, टक्केवारी फेसबुकवर झळकवणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं. त्याबद्दल मात्र फॉरवर्ड येत नाही.

दुसरं. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये 'सर्व नागरिक' आहेत, वयाची अट नाही. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेने काढलं होतं. ती उभी राहत, फक्त गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प राहण्याचा हक्कसुद्धा ज्यांना मिळाला, ती शाळकरी मुलंच होती. शाळेच्या वेळेत मोबाइल बंद ठेवा, असा नियम शाळा करू शकते, त्यात वाद नाही.

६६अ? इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द झालं. तरी पोलीस ते लावत राहिले, म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. मेलेल्या कलमाची भीती घालणाऱ्यांचं काय करावं!

नाव कमी करण्याबद्दल: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पुढच्या वर्गांना हे कवच नाही, तेवढं खरं.

राहिली अमेरिका. तिथला २००० चा कायदा सरकारी सवलतीत इंटरनेट घेणाऱ्या शाळांना अश्लील चित्रं अडवायला सांगतो आणि शाळेच्या इंटरनेटवर मुलं काय करतात याकडे लक्ष ठेवायला. एकेका मुलाचा माग काढायची सक्ती त्यात नाही, आणि घरच्या फोनशी तर त्याचा संबंधच नाही. उलट २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. शाळेच्या मुख्य चीअरलीडिंग चमूत निवड झाली नाही म्हणून तिने शनिवारी शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर शिवी हासडली होती. शाळेने तिला वर्षभर चीअरलीडिंगमधून बाहेर ठेवलं. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने मुलीच्या बाजूने निकाल दिला. मात्र गंभीर छळ किंवा धमक्या असतील तर शाळेबाहेरच्या बोलण्यातही शाळा लक्ष घालू शकते, हेही न्यायालयाने सांगितलं.

आपल्याकडेही सगळं माफ नाही. कुणाच्या शरीराच्या खाजगी भागाचं चित्र संमतीशिवाय काढलं किंवा पसरवलं तर त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद. अशा वेळी पालकांनी शाळेच्या बाजूने उभं राहावं. 'कॅन्टीनचे समोसे शिळे असतात' असं लिहिलं म्हणून मात्र कुणाचा फोन जप्त होत असेल, तर कुठल्या कलमाखाली, हे मुख्याध्यापकांकडून लेखी मागावं.